तेलाचा राब

मुकादमीण साध्या आवाजात बोललेली मला फारशी आठवत नाही. तिचं बोलणं म्हणजे हुकूम. माणसांनाच असं नव्हे हं. जनावरांना, भांड्यांना, चुलीतल्या लाकडांनासुद्धा. "पेटतोस, का आता अक्षता धाडू?" असं तिनं ओल्या ओंडक्याला दरडावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. वाटेत कुत्रं आडवं पडलं असलं तर आपण वळसा घालतो. ती घालायची नाही. "ऊठ रं, वाट काय तुझ्या आज्यानं बांधलीया?" म्हणायची आणि कुत्रं खरंच उठायचं. तिला मुकादमीण कुणी नेमलं नव्हतं. एक दिवस ती बायकांच्या पुढं चालायला लागली आणि बाकीच्या मागं चालायला लागल्या, एवढंच. तिचं खरं नाव भागूबाई. तेही मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. मी तिला मावशी म्हणायची.

आमचं गाव नाणे मावळात. भाताचा मुलूख. मळणी उरकली की पेंढ्याचं काम सुरू व्हायचं. कामशेतच्या स्टेशनावर पेंढ्याच्या पेंढ्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, रचायच्या आणि ती मालगाडी मुंबईला तबेल्यांकडं जायची. चाँदभाई म्हणून पेंढ्याचे व्यापारी होते, कामशेतचेच, बोलायला गोड माणूस. त्यांच्याकडं आमची बायकांची टोळी कामाला. मुकादमीण मधे उभी राहून हात नाचवायची. माझी बांधलेली पेंढी तिनं एकदा उचलली, हलवली, आणि ती सगळी माझ्या पायावर सांडली. "सारजे, आळा हातानं न्हाई, गुडघा रोवून आवळायचा. हातानं बांधलेली पेंढी आन तोंडानं दिलेला शबूद, दोनी वाटंतच सुटत्यात." मी तेव्हा नवी नवरी. डोळ्यांत पाणी आलं. पण गुडघा रोवला.

आता तिच्या खाचराचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या वाट्याचं ओढ्याकाठचं एक भातखाचर तेवढं होतं. धाकटा दीर गेनूभाऊ त्यावर डोळा ठेवून. तसा वाईट नव्हता, पण जमिनीपुढं माणूस बदलतं. गावातल्या चार जाणत्यांनी निवाडा दिला होता : बाई कसतीय तोवर खाचर बाईचं, एक पावसाळा जरी पड राहिलं तर गेनूनं नांगर घालावा. तेव्हापासून तिनं एक पावसाळा चुकवला नव्हता. दीर बैल द्यायचा नाही, म्हणून चिखलणीला भाड्यानं बैल आणायची, आणि त्या भाड्यासाठी उन्हाळाभर पेंढ्यात राबायची. "खाचर कसाया जगायचं, आन जगाया खाचर कसायचं," म्हणायची आणि आपणच हसायची.

लढाईचे दिवस होते. एका दुपारी चाँदभाई स्वतः गावात आले. एरवी निरोप धाडणारा माणूस. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुकादमीण, मुंबईच्या पलीकडं खडकावर मालाची मोठी बोट फुटलीय. दोन तुकडे झालेत. पोटातलं काळं तेल सगळ्या किनाऱ्याला लागलंय. पेंढा टाकून टिपायचं म्हणतात. पेंढा माझा जातोय, पण तिथं पसरायला, उचलायला हात पाहिजेत. पेंढ्याची जाण असलेले हात."

"बोट फुटली आन सांडलं ते आमी पुसायचं व्हय? घरची सांडलवंड कमी हाय का?" मुकादमीण म्हणाली.

"अक्षय्यतृतीयेच्या आत परत आणतो. शब्द देतो."

"राबाच्या आत आणा म्हंजे झालं. मला दाढ भाजायची हाय."

दाढ म्हणजे भाताचं रोप करायचा वाफा. त्यावर शेण, पाला, वाळलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून, वर मातीचा थर देऊन पावसाआधी भाजायचं, त्याला राब म्हणतात. न भाजल्या दाढेत पेरायचं म्हणजे तणाला आवतण. आम्हा बाकीच्यांच्या घरी सासू, जावा होत्या राब करायला. मुकादमिणीच्या घरी मुकादमीणच. तरी ती निघाली, कारण टोळी जाणार आणि ती मागं राहणार, हे तिला कसं जमावं?

त्या जागेचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्यापैकी एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. मला वाटलं, नदीच आहे, पलीकडचा काठ धुक्यात असेल. पाणी हळूहळू आमच्या पायांकडं सरकायला लागलं तशा आम्ही किंचाळत मागं पळालो. मुकादमीण मात्र कमरेवर हात ठेवून जागीच उभी. "ए! माघारी व्हय! हितं माणसं उभी हायती!" ओहोटी सुरू व्हायची वेळ असावी. पाणी आलं तसं मागं गेलं. चाँदभाई हसून हसून खाली बसले. म्हणाले, "बाई, आता तेलालाही सांगा तेवढं."

तेलानं कुणाचं ऐकलं नाही. किनारा असा काळा होता की वाळू कुठली आणि खडक कुठला कळू नये. लांब पाण्यात ती बोट, पुढचा तुकडा खडकावर चढून बसलेला, मागचा अर्धा बुडलेला. तिकडं माणसं होड्यांतून जात, कप्प्या लावून कापसाच्या गाठी, पेट्या, साखळ्या ओढून काढत. ते काम गड्यांचं. आमचं काम काठाचं. ओहोटीला पेंढा अंथरायचा, भरतीचं पाणी त्यावरून जाऊ द्यायचं, पुन्हा ओहोटी लागली की तेलानं जड झालेला पेंढा दाताळ्यांनी ओढून पाट्यांत भरायचा आणि वरच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. तिथं तो जाळत. वाळूतले चिकट गोळे मात्र हातानं वेचायचे. दुसऱ्या दिवशीपासून भाकरीला तोच वास, पाण्याला तोच वास. केसांच्या जटा झाल्या. घासलेट लावून हात धुवायचे, की कातडी सोलून निघायची. एक पांढरा पक्षी पंख चिकटून खडकाशी बसला होता. मुकादमिणीनं त्याला पदरात घेऊन पुसला पुसला आणि सोडला. तो चार पावलं चालला आणि पुन्हा बसला. "उड की रं," ती म्हणाली. त्यालाही हुकूम पाळता आला नाही.

राहायला पत्र्याची लांबलचक शेड होती आणि सभोवार तारेचं कुंपण. आधी वाटलं, जनावरं येत असतील. मग कळलं, कुंपण आमच्यासाठी आहे. बोट कुणाची, कशी फुटली, किती माल होता, यातलं काही बाहेर जायचं नाही. लढाई चालू. काम संपल्याखेरीज आत आलेलं माणूस बाहेर सोडायचं नाही, असा वरचा हुकूम. घरी निरोपही धाडायचा नाही. फाटकावर बंदूकवाला पहारेकरी. हे चाँदभाईंनाही ठाऊक नव्हतं. तेही आत आमच्याबरोबरच अडकले.

अक्षय्यतृतीया आली आणि गेली. मुकादमीण तारेजवळ उभ्या असलेल्या चाँदभाईंसमोर जाऊन थांबली. मी पाटी घेऊन मागंच होते.

"चाँदभाऊ, शबूद कुटं गेला?"

"बाई, माझी लेक बाळंतीण व्हायचीय घरी. झाली का, काय झालं, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "माझ्या हातात असतं तर तुम्हाला खांद्यावर बसवून नेलं असतं."

मुकादमिणीनं हातातली पाटी खाली ठेवली. म्हणाली, "लेक सुकरूप असंल. पयली बाळंतपणं लांबत्यातच," आणि पाटी उचलून चालायला लागली. त्या दिवसापासून चाँदभाईंना तिनं एका शब्दानं टोचलं नाही.

संध्याकाळी शेडमध्ये पत्रा तापलेला असायचा. आम्ही भिंतीला टेकून बसायचो आणि मुकादमीण तोंडानं राब करायची. "आज म्या कवळं तोडली असती," म्हणायची. दोन दिवसांनी, "आता वाळली असतील. आज शेण पसरलं." पुढं, "आज वर माती दिली, गं. लय ग्वाड माती हाय तितली." आम्ही ऐकायचो. कुणी हसायचं नाही. प्रत्येकीच्या डोळ्यांपुढं आपापला वाफा यायचा आणि त्यापलीकडं ती तार.

काम संपावं म्हणून ती वेड्यासारखी राबायची. आम्हालाही राबवायची. सकाळी किनारा जरा पिवळा दिसायला लागायचा, आणि भरती यायची ती नवं तेल घेऊन. बोटीच्या बुडालेल्या अर्ध्यातून ते येतच होतं. गडी म्हणत, तिच्या पोटातली टाकी फुटलीय, ती बुजवता येईना. म्हणजे आम्ही पुसायचं आणि तिनं सांडायचं. हे कळलं त्या दिवशी मुकादमीण पहिल्यांदा वाळूत बसलेली पाहिली.

आणि मग तिनं पळून जायचं ठरवलं. पेंढा घेऊन बैलगाड्या यायच्या, रिकाम्या होऊन परत जायच्या. जेवणाच्या वेळी सगळे शेडमध्ये असताना ती एका गाडीत ताडपत्रीखाली जाऊन निजली. मला म्हणाली होती, "सारजे, इचारलं तर सांग, पोटात दुखतंय, आडवी झालीया." मी भाकरी चावत दाराबाहेर बघत होते. पहारेकरी उठला, दोन पावलं चालला आणि खाली बघत उभा राहिला. शेडच्या दारापासून गाडीच्या चाकापर्यंत, स्वच्छ फुफाट्यात, काळीभोर पावलं उमटली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. जणू लक्ष्मीचीच पावलं, फक्त तेलाची. त्यानं ताडपत्री उचलली. रागावला नाही बिचारा. "अंदर चलो, माई," म्हणाला. मुकादमीण उतरली. आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत आली आणि माझ्याजवळ बसून तळवे वाळूनं घासत राहिली. "पाय बी माझं ऱ्हायलं न्हाईत, बघ," एवढंच बोलली.

आम्हाला सोडवलं शेवटी समुद्रानंच. मृगाच्या तोंडावर वारं सुटलं, लाटा शेडपर्यंत यायला लागल्या. होड्या जाईनात. एका सकाळी पाहिलं तर बोटीचा मागचा तुकडा दिसेनासा झालेला. कामावरच्या साहेबानं काम बंद केलं. तेल होतं तिथं उरलं, आणि फाटक उघडलं. बायका रडल्या, देवाला हात जोडले. मुकादमीण मात्र आभाळाकडं बघत होती. जे आभाळ आम्हाला सोडत होतं तेच तिकडं मावळात तिची दाढ भिजवत होतं. ओला पाला पेटत नाही.

निघताना ती खड्ड्याकडं गेली. जाळायचा राहिलेला काळा पेंढा तिथं ढिगानं पडला होता. तिनं त्याचे भारे बांधायला घेतले, गुडघा रोवून.

"बाई, हे काय?" चाँदभाईंनी विचारलं.

"राब. ह्यो भिजला तरी पेटतोय. म्या बघितलाय."

चाँदभाईंनी नाकाला रुमाल लावला, पण म्हणाले, "डोकं आहे!" खरं सांगते, आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राब भाजणारी माणसं. भाजलं की रोप येतं, एवढं आम्हाला माहीत. कशानं भाजलं, हे विचारायचं असतं, हे कधी कुणाला ठाऊकच नव्हतं. वाघिणीत त्या भाऱ्यांवर बसूनच आम्ही कामशेतला आलो. स्टेशनावरच चाँदभाईंना नात झाल्याचं कळलं. ते तिथंच फलाटावर रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी भुरभुर चालू असताना मुकादमिणीची दाढ पेटली. सगळं गाव बांधावर येऊन उभं. पावसात राब पेटलेला कुणी पाहिला नव्हता. काळा धूर सरळ वर गेला. गेनूभाऊसुद्धा इरल्यातून मान बाहेर काढून बघत होता. "वैनी, मुंबैची इद्या शिकून आली म्हणायची," तो म्हणाला. "तुमाला बी शिकवीन, भावजी," मुकादमीण म्हणाली. जवळ होतं नव्हतं ते सगळं बियाणं तिनं त्या दाढेत टाकलं.

आमच्या दाढा हिरव्या झाल्या. तिची नाही. ती रोज जाऊन उकिडवी बसायची. माती वरून चकाकायची, पाणी पडलं की त्यावर मोरपिशी रंग फिरायचे. कुठं एखादं पातं वर आलं तर दोन दिवसांत पिवळं पडायचं. तिनं माती नखानं उकरून दाणा काढला, तो तसाच, कुजलेला. हुंगला. आणि माझ्या हातात दिला. तोच वास. कुंपणातला.

पुन्हा पेरायला बी नव्हतं आणि दिवसही नव्हते. गेनूभाऊ तिच्या दारावरून जाताना हळू म्हणाला, "वैनी, मी काय वाट बगत न्हवतो. पर निवाडा निवाडा हाय. लावणी सरंपतुर थांबतो." खरंच थांबला. पण नांगराला नवा फाळ लावून घेतला, तो सगळ्यांनी पाहिला.

आमची लावणी चालली होती. मी आणि सासूबाई दाढेतून रोप उपटून मुठी बांधत होतो. मुकादमीण बांधावर येऊन उभी राहिली. इरलं नाही, काही नाही, भिजत. मला वाटलं, आता ओरडणार, मुठी सैल बांधताय म्हणून. ती पायाच्या अंगठ्यानं बांधाचं गवत टोकरत राहिली. मग इतक्या बारीक आवाजात म्हणाली, की मला आधी ओळखूच आला नाही :

"सारजे, मला मूठभर रोप देशील का गं?"

मी सासूबाईंकडं बघितलं. रोप म्हणजे घरचं पोट. आणि आमच्या सासूबाई अशा की मिठाचा खडाही मोजून द्यायच्या. त्या कंबर धरून उभ्या राहिल्या. "मागतीस काय भिकारणीवानी? एवढी मुकादमीण तू! आमच्या सुनंला रात म्हनायची न्हाईस, दीस म्हनायची न्हाईस, हुकूम सोडायचीस. आता हुकूम सोड की, भवाने!"

मुकादमिणीनं तोंडावर पदर घेतला. तशीच ओक्साबोक्शी रडली. सासूबाईंनीच तिच्या पुढ्यात मुठी टाकायला सुरुवात केली. तोवर शेजारच्या खाचरातल्या बायका उभ्या राहिल्या होत्या. टोळीतल्याच सगळ्या. कुणी काही विचारलं नाही. आपापल्या दाढेतून एकेक पाटी घेऊन आल्या. निरोप गेला तसे चाँदभाईंनी कामशेतहून चिखलणीला बैल धाडले. दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या आत तिच्या खाचरात आम्ही रांगेनं वाकलो होतो. रोप थोडंफार वाळलेलं, काही जून झालेलं. पण खाचर पड राहिलं नाही.

मजा पुढं झाली. एकीचं आंबेमोहोर, एकीचा कोळंबा, आमचं जिरेसाळ, कुणाचं तांबडं भात. एकाच खाचरात सगळं. एक तुकडा लोंबीवर आला तेव्हा दुसरा अजून हिरवा. कुठं पांढुरकं, कुठं लालसर, कुठं गुडघ्याएवढं, कुठं छातीला लागणारं. गेनूभाऊ बांधावर आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"वैनी, ह्ये भात हाय का गोदडी?"

"गोदडी तर गोदडी," ती म्हणाली. आवाज परत आला होता. "खाचरानं पांघरलीया न्हवं? निगा आता, हवा आडवू नगा."

पुढं माझ्या मालकांना लोणावळ्याला रेल्वेत काम लागलं आणि आम्ही गाव सोडलं. दर वर्षी मी निरोप धाडायची, मावशी, चार दिवस ये, आमचं घर बघ. ती कधी आली नाही. "खाचर कुणाच्या भरवशावर सोडू?" हा तिचा ठरलेला जबाब. पेंढ्याच्या कामालाही कामशेतपुढं ती पुन्हा कधी गेली नाही. मी एकदा चिडून म्हणाले, "मावशी, तारेतनं सुटलीस आन बांधात अडकलीस." तिला राग आला नाही. म्हणाली, "व्हय. पर ह्यो बांद माझ्या हातचा हाय."

ती गेली तेव्हा मला उशिरा कळलं. मी पोचले तोवर दिवसकार्य उरकलं होतं, आणि खाचर रीतीनं गेनूभाऊकडं गेलं होतं. तो नांगर धरून होता. मला बघून थांबला नाही, मीही हाक मारली नाही. एक वळण, दुसरं वळण, ओली माती उलटत होती. खाचराच्या कोपऱ्यातल्या जुन्या दाढेपाशी आला तसा त्यानं बैलांना कासरा ओढून वळवलं आणि तेवढा तुकडा बाजूला ठेवून पुढं गेला. तिथं इतक्या वर्षांनीही गवत विरळच होतं.

मी विचारलं, "तितं का न्हाई घातला नांगर?"

गेनूभाऊनं घाम पुसला. "ते तिचं हाय," म्हणाला.